दिल्लीच्या पाण्यात मासे पाळताना

मुंबईत हीटर न लावताही गप्पी आणि टेट्रा वर्षभर धडधाकट राहतात. तीच टाकी बदलीनंतर द्वारकेच्या किंवा नोएडाच्या फ्लॅटमध्ये मांडली की जानेवारीत मासे पर मिटून तळाशी बसतात, अंगावर रवा शिंपडल्यासारखे ठिपके उठतात आणि घरात निळ्या औषधाची बाटली येते. ती बाटली उघडण्याआधी पाण्याची चौकशी करायला हवी.

‘पाणी एक रात्र ठेवलं की टाकी तयार’ हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. एका रात्रीत क्लोरीन बऱ्यापैकी उडून जातो, पण टाकी तयार होत नाही. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंचसं निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करायला ४ ते ६ आठवडे घेतात. अमोनिया हा शब्द दिल्लीकरांना पेपरांतून पाठ झालेला आहे. यमुनेत त्याचं प्रमाण १ पीपीएमच्या आसपास गेलं की वझिराबाद आणि चंद्रावलचे जलशुद्धीकरण प्रकल्प उत्पादन घटवतात. नव्या टाकीत पहिल्याच दिवशी डझनभर मासे सोडले, तर ही पातळी घरबसल्या गाठता येते! शिवाय क्लोरीन आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन बनतं आणि ते रात्रभरात उडून जात नाही. म्हणून नळाच्या पाण्यात अँटीक्लोरीनचे थेंब घालावेतच. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला, तर आठवडे वाचतात.

बोअरिंगच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत आणखी एक मेख आहे. हे पाणी बहुधा अल्कधर्मी असतं आणि पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी भाग जवळपास दहापट होतो. ‘मग आरओचंच पाणी भरू’ असं लगेच सुचतं. पण आरओमध्ये क्षारही निघून जातात, त्यामुळे नुसत्या आरओच्या पाण्यात पीएच अचानक कोसळू शकतो. मॉली आणि गप्पींना जड पाणी मानवतं. एनसीआरमध्ये नवशिक्याने तेच मासे घ्यावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. टेट्राच हवे असतील, तर बोअरिंगचं आणि आरओचं पाणी मिसळावं.

आता ते ठिपके. ‘औषध टाकलं, ठिपके गेले, मासा बरा झाला’ हे अर्धसत्य आहे. हा ‘इक’ नावाचा परजीवी माशाच्या त्वचेखाली वाढतो, मग गळून तळाशी जातो, तिथे आवरणात विभागतो आणि शेकडो पिल्लं नवा मासा शोधायला पोहत निघतात. औषध फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. २५ अंशांच्या पुढे हे चक्र साधारण आठवड्यात पुरं होतं, थंड पाण्यात कित्येक आठवडे रेंगाळतं. म्हणून तापमान हळूहळू २८ ते ३० अंशांवर न्यावं आणि ठिपके दिसेनासे झाल्यावरही उपचार आठवडाभर चालू ठेवावेत. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, तेव्हा एअर पंप बंद करू नये.

मात्र पांढरं दिसलं की इकच, असं नाही. तोंडाशी कापसासारखा पुंजका दिसला की दुकानदार बुरशी म्हणतो; तो बऱ्याचदा कॉलम्नारिस हा जिवाणूंचा आजार असतो आणि पाणी गरम केल्यावर झपाट्याने बळावतो. इथे टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल टाकायची पद्धत आहे. पण जड पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी हे औषध बांधलं जातं आणि त्याचा जोर उतरतो. आणि त्या निळ्या बाटलीतलं मेथिलीन ब्लू फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारू शकतं. ते वापरायचंच असेल तर आजारी मासा बादलीत वेगळा काढून वापरावं.

उपचारासाठी मीठही टाकतात, पण आयोडीनयुक्त मिठाने मासे मरतात, ही निव्वळ अफवा. त्यातलं आयोडीन नगण्य असतं. लिटरला १ ते २ ग्रॅम मीठ बहुतेक माशांना चालतं. झाडं आणि कोरीडोरस मासे मात्र कुरकुरतात.

मासे आजारी पडल्यावर अख्खी टाकी रिकामी करून, स्पंज नळाखाली घासून धुणारेही भेटतात. याने अमोनिया पचवणारे जिवाणूच वाहून जातात. पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावं, तेही आतल्या पाण्याइतकं कोमट, आणि स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळावा. पाणी उपसण्याआधी हीटरचा प्लग काढावा, कारण पाण्याबाहेर उघडी पडलेली तापलेली काच तडकते. थंडीत रात्री वीज गेली, तर टाकीभोवती रजई गुंडाळावी, वरची थोडी जागा हवेला मोकळी ठेवावी आणि बॅटरीवर चालणारा पंप लावावा.