राणीची शिदोरी

वळवाची जोरदार सर पडून गेली, हवा दमट झाली आणि वारा पडला, की संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांची झुंबड उडते. त्यात बरीचशी वाळवी असते, पण मुंग्याही असतात. दोन्ही वेगवेगळ्या ओळखणं सोपं आहे. वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड आणि मिशा सरळ असतात. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे, कंबर बारीक आणि मिशा कोपरात वाकलेल्या असतात. या उडत्या मुंग्यांमध्ये नर असतात आणि तरुण राण्या असतात. मीलनानंतर नर लवकरच मरतात. राणी जमिनीवर उतरते, स्वतःचे पंख मोडून टाकते आणि लपायला जागा शोधू लागते. यापुढे तिला नराची गरज पडत नाही. पोटातल्या एका छोट्या पिशवीत साठवलेलं वीर्य तिला जन्मभर पुरतं.

अशी एक राणी मिळाली तर तिच्यापासून काचेच्या नळीत मुंग्यांची अख्खी वसाहत उभी राहू शकते. शाळकरी मुलांनाही जमेल असं हे काम आहे. एरवी हे सगळं जमिनीखाली, अंधारात घडतं आणि कुणाच्याच दृष्टीस पडत नाही. इथे ते डोळ्यांसमोर घडतं.

कोणती राणी निवडावी

भारतात मुंग्यांचे ८००हून अधिक प्रकार नोंदले गेले आहेत. सुरुवात करणाऱ्यानं मोठा काळा डोंगळा घ्यावा. काही भागांत त्यालाच मुंगळा म्हणतात. त्याचं शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. तो अंगणात, झाडाच्या बुंध्याशी सहज दिसतो. त्याला नांगी नसते, पण तो चावतो आणि फॉर्मिक आम्ल सोडतो. त्याची राणी दीड सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे साध्या डोळ्यांनी सगळं नीट दिसतं.

राणीची खरी ओळख तिच्या छातीवरून पटते. कामकरी मुंगीची छाती सडपातळ असते, तर राणीची भरदार आणि वर फुगलेली असते, कारण तिथे उडण्याचे स्नायू असतात. पंख गळले असले तरी त्यांच्या जागी दोन्ही बाजूंना बारीक वण राहतात. जमिनीवर एकटी, घाईघाईनं फिरणारी बिनपंखांची राणी सापडली, तर तिचं मीलन झालेलं असण्याची शक्यता चांगली असते. पंख शाबूत असलेल्या राणीची खात्री देता येत नाही. मीलन न झालेल्या राणीच्या अंड्यांतून फक्त नर जन्मतात, कारण मुंग्यांमध्ये फलित अंड्यातून मादी होते आणि अफलित अंड्यातून नर.

राणी मिळवण्यासाठी वारूळ खणू नये. त्यानं एक नांदती वसाहत उद्ध्वस्त होते आणि राणी बहुधा हाती लागतच नाही.

शिदोरी कशाची?

पुढचं सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे. डोंगळ्याची राणी स्वतःला बंद करून घेते आणि पहिल्या मुली मोठ्या होईपर्यंत काहीही खात नाही. पोटातली चरबी आणि आता निरुपयोगी झालेले उडण्याचे स्नायू विरघळवून ती जगते. अळ्यांनाही ती त्यातूनच, तोंडातल्या द्रवावर वाढवते. जन्मघरातून अंगावर बांधून आणलेली ही एवढीच शिदोरी असते. तिच्यात पहिली पाच-दहा पिल्लं वाढवायची असतात. प्रत्येक धक्का, प्रत्येक प्रकाशाची तिरीप, घाबरून केलेली प्रत्येक धावपळ या शिदोरीतून वजा होते. म्हणून या काळात पाळणाऱ्याचं काम म्हणजे अंधार, ओलावा आणि शांतता देणं. अन्न द्यायचं नाही.

सगळ्याच मुंग्यांच्या राण्या अशा नसतात. लांब जबड्यांची उड्या मारणारी हार्पेग्नॅथोस मुंगी आपल्याकडे पश्चिम घाटात सापडते. तिची राणी सुरुवातीलाही शिकारीला बाहेर पडते, आणि तिला बंद नळीत ठेवलं तर ती उपाशी मरते. म्हणून प्रकार ओळखल्याशिवाय नळी बंद करू नये.

नळी भरताना

प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात सुमारे १५ सेंटिमीटर लांब आणि दीड-दोन सेंटिमीटर रुंद परीक्षानळी मिळते. ती साबण न लावता धुवावी. एक तृतीयांश भाग साध्या पाण्यानं भरावा आणि त्यावर कापसाचा बोळा पेन्सिलीनं घट्ट सरकवावा. बोळा पाण्याला टेकून ओला झाला पाहिजे, पण त्याच्या पुढच्या बाजूला थेंब जमता कामा नयेत. पाणी झिरपून पुढे आलं तर राणी बुडू शकते, म्हणून नळी भरल्यावर एक रात्र आडवी ठेवून पाहावी. मग राणीला अलगद आत सोडावं आणि तोंडाशी कोरड्या कापसाचा सैलसर बोळा लावावा. त्यातून हवा खेळती राहते. चिमूटभर धुतलेली बारीक रेती आत टाकली तर पुढे अळ्यांना कोश विणताना आधार मिळतो.

नळी कापडात किंवा खोक्यात ठेवावी. २५ ते ३० अंश तापमान तिला मानवतं. खिडकीतलं ऊन मात्र टाळावं, कारण काचेत ते काही मिनिटांतच जीवघेणं ठरतं. वॉशिंग मशीन, मिक्सर, स्पीकर यांच्या जवळची जागाही नको, कारण राणी आवाजापेक्षा कंपनांनी जास्त बिथरते.

वाट पाहण्याचे आठवडे

पहिली अंडी काही दिवसांत दिसू लागतात. ती पांढरट, लांबट आणि एकमेकांना चिकटलेली असतात. राणी हा पुंजका तोंडात धरून ओल्या बोळ्याजवळ नेते, पुन्हा थोडा मागे आणते आणि सतत चाटत राहते. या चाटण्यामुळे अंडी एकत्र राहतात आणि त्यांच्यावर बुरशी धरत नाही.

आठ-दहा दिवसांतून एकदाच पाहावं, तेही मिनिटभर. लाल जिलेटीन पेपर लावलेली मंद बॅटरी वापरावी, कारण मुंग्यांना लाल प्रकाश फारसा जाणवत नाही. एखाद्या वेळी अंडी कमी झालेली दिसली तर घाबरून जाऊ नये. राणी काही अंडी स्वतः खाते किंवा अळ्यांना भरवते. तेही शिदोरीच्या हिशेबातच बसतं.

अंड्यांतून बिनपायांच्या, वाकड्या अळ्या निघतात. पूर्ण वाढलेली अळी स्वतःभोवती रेशमी कोश विणते आणि काही दिवसांनी कोशाच्या एका टोकाला काळा ठिपका दिसतो. ती अळीनं आयुष्यात पहिल्यांदाच बाहेर टाकलेली विष्ठा असते. अळीचं आतडं तोवर मागून बंद असतं, म्हणून अन्नासोबत ओल्या खोलीत राहूनही ती घाण करत नाही. हा ठिपका दिसला की सगळं मार्गावर आहे असं समजावं. अंड्यापासून पहिल्या मुंगीपर्यंत तापमानानुसार साधारण पाच ते आठ आठवडे लागतात.

कोश फुटण्याची वेळ आली की राणी जबड्यांनी तो कुरतडते आणि आतल्या मुलीला बाहेर यायला मदत करते. ही पहिली पिढी खुरटी आणि फिकट रंगाची असते. तुटपुंज्या शिदोरीत एक मोठी मुंगी वाढवण्यापेक्षा अनेक लहान मुंग्या वाढवणं वसाहतीच्या फायद्याचं असतं.

आता खाऊ घालायचं

मुली आल्या की राणीचा उपास सुटतो आणि पाळणाऱ्याचं काम सुरू होतं. चार भाग पाण्यात एक भाग मध किंवा साखर मिसळून, प्लास्टिकच्या तुकड्यावर एक बारीक थेंब नळीच्या तोंडाशी ठेवावा. पिऊन परतलेल्या मुंगीकडे भिंगातून पाहिलं तर तिचं पोट ताणलेलं दिसतं. काळ्या पट्ट्यांमधल्या पातळ कातडीतून आतलं गोड पाणी चमकतं. ते तिच्या स्वतःच्या जठरात नसून सामाईक पोटात, म्हणजे इतरांना पाजण्यासाठी साठवायच्या पिशवीत असतं. ती राणीसमोर जाते, मिशांनी तिला चाचपते आणि तोंडाला तोंड लावून तिला पाजते.

साखर कामकऱ्यांना पुरते, पण अळ्यांना प्रथिनं लागतात. त्यासाठी डास, माशी किंवा झुरळाचा छोटा तुकडा द्यावा. आधी तो उकळत्या पाण्यातून काढावा, म्हणजे गोचिडीसारखे बारीक परजीवी मरतात. फवारणीनं मेलेला कीटक कधीच देऊ नये. उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाकावं, नाहीतर बुरशी येते. डोंगळ्याच्या आतड्याशी ब्लॉकमॅनिया नावाचे जीवाणू पेशींच्या आत राहतात आणि त्याला आवश्यक अमिनो आम्लं बनवून देतात. बाहेर हे डोंगळे मावा आणि तुडतुड्यांच्या गोड स्रावावर बरीच गुजराण करतात. अशा साखरेच्या आहारातली उणीव हे जीवाणू भरून काढतात.

मुंग्या वाढाव्यात म्हणून अंगणातल्या दुसऱ्या डोंगळ्यांना आत सोडायचा मोह टाळावा. प्रत्येक वसाहतीला कातडीवरच्या मेणचट थरांचा स्वतःचा वास असतो. परकीला वसाहतीतल्या मुंग्या मारतात किंवा परकी राणीलाच मारते.

घर कधी बदलायचं

पंचवीस-तीस मुंग्या होऊन नळी दाटेपर्यंत नवं घर देऊ नये. मोठ्या घरात लहान वसाहत रिकाम्या खोल्यांचा उकिरडा करते. बदलायची वेळ आली की प्लास्टर ऑफ पॅरिसच्या घराला नळी जोडावी, घर झाकून ठेवावं आणि नळीवर उजेड पडू द्यावा. मुंग्या अंडी-अळ्या उचलून आपणहून जातात. त्यांना ओतून किंवा हलवून बाहेर काढू नये. घराबाहेर मुंग्यांना फिरायला काचेची उघडी पेटी जोडली असेल, तर तिच्या कडांना टाल्कम पावडरचा थर लावला की त्यांना काच चढता येत नाही.

जबाबदारी

सर जॉन लबक यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये दोन काचांमध्ये मातीचा पातळ थर ठेवून मुंग्या पाळल्या. त्यांच्याकडची एक राणी सुमारे १५ वर्षं जगली. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची एक राणी बंदिवासात २८ वर्षं जगल्याची नोंद आहे. म्हणून ही हौस एका पावसाळ्यापुरती नसते.

राणी आपल्याच परिसरातली असावी. अभयारण्यातून किंवा राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काहीही उचलणं वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. परदेशी राण्या विकत घेऊ नयेत. २०२५ साली केनियात हजारो मुंग्या, त्यात बियाणं गोळा करणाऱ्या मुंग्यांच्या राण्याही होत्या, कापूस लावलेल्या नळ्यांतून देशाबाहेर नेण्याच्या बेतात असलेल्यांना न्यायालयानं दंड केला. अशा मुंग्या नव्या प्रदेशात सुटल्या तर तिथल्या मुंग्यांची जागा बळकावू शकतात. आपल्या अंगणातल्या डोंगळ्यांची वसाहत सांभाळणं जमेनासं झालं, तर ती जिथून आणली तिथेच परत सोडता येते. म्हणूनही अंगणातलीच राणी घ्यावी.

एक वही ठेवा. राणी सापडल्याची तारीख, पहिलं अंडं, पहिला कोश, पहिली मुंगी, त्या दिवसाचं तापमान, काय खाल्लं आणि काय नाकारलं, हे सगळं लिहा. दुसऱ्या वर्षी याच नोंदींवरून कळेल, की कुठे हात लावायचा होता आणि कुठे नाही.