दरबार हॉलमधली गंजिफा

सावंतवाडीच्या राजवाड्यावर लिहा, असं संपादकांनी सुचवलं आणि कट्ट्याहून कुडाळमार्गे निघालो. मोती तलावासमोरचा हा जांभ्या दगडाचा वाडा तिसऱ्या खेमसावंतांच्या काळातला (१७५५–१८०३). संस्थानाचा बाकीचा इतिहास वाड्यातच वाचायला मिळतो. मी मात्र दरबार हॉलमध्ये अडकलो, गंजिफा रंगवत बसलेल्या एका ताईंपाशी.

गंजिफा म्हणजे गोल पत्ते. दशावतारी संचात १२० पानं: दहा अवतार, प्रत्येकाचा राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. जत्रेत रात्र रात्र जागून दशावतार बघितलेल्या आपल्या माणसांना यांची ओळख करून द्यायला नको. मत्स्याच्या पानांवर मासे, परशुरामाच्या पानांवर परशू. ताईंच्या हातात कूर्माची नव्वी होती. तळहातात मावेल एवढ्या वर्तुळात नऊ कासवं. आधी सगळ्यांच्या पाठी रंगवून झाल्या, मग पाय, शेवटी बारीक कुंचल्याने डोळे. पानांची मागची बाजू मात्र एकसारखीच हवी. एखादीवर खूण राहिली तर समोरचा पान ओळखणार!

ही कला इथे संपतच आली होती. वयोवृद्ध पुंडलिक चितारी तेवढे उरले होते. राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी त्यांच्याकडून स्वतः शिकले, इतरांना शिकवलं आणि १९७१ साली ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ ही संस्था उभी केली. मला या वाड्याचं मोल वाटतं ते यासाठी. इथे जुनी वस्तू नुसती मांडलेली नाही, ती अजून घडते आहे.

पण पुढचं काय, ही काळजी पाठ सोडत नाही. २०२४ साली सावंतवाडीच्या गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळालं, फार चांगलं झालं. तरी १२० पानं हाताने रंगवलेला संच महाग पडणारच, आणि हात बसायला लागणारा काळ कोण देणार? इथली पोरं नोकरीसाठी गोव्याची वाट धरतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे खेळणारेच उरले नाहीत. डाव तिघांचा. दिवसा सुरुवात रामाची, रात्री कृष्णाची. निम्म्या अवतारांत दश्शी वरचढ, उरलेल्यांत एक्का. हे आता किती घरांत ठाऊक आहे? संच घेणारेही तो चौकटीत बसवून भिंतीला लावतात.

सावंतवाडीला गेलात तर एक संच जरूर घ्या, एकट्याला जड जात असेल तर भावंडांनी मिळून घ्या. खेळ कसा लावायचा तेही विचारून या. मे महिन्यात चाकरमानी घरी आले की तिघांना बसवा आणि डाव मांडा.