पगारपत्रक नाही, मग घरकर्ज मिळेल का?

गावातले मास्तर बँकेत जातात, पगारपत्रके टेबलावर ठेवतात, साहेब आकडेमोड करतात आणि घरकर्जाचे काम मार्गी लागते. दूध घालणारा, पिठाची गिरणी चालवणारा, टेम्पोवाला, नर्सरीवाला यांच्या हातात महिन्याला मास्तरांइतके किंवा चार पैसे जास्तही येत असतील. पण साहेब विचारतात, "कागद काय आहे?" आणि तिथेच घोडे अडते.

मग माणूस उसनवारी करतो, घरातले सोने गहाण टाकतो. कुणी पीक कर्जाचेच पैसे विटा-सिमेंटात घालतो. जोते होते, भिंती उभ्या राहतात आणि स्लॅबच्या वेळी पैसा संपतो. सळया उघड्या पडलेली अशी घरे तुम्हीही पाहिली असतील. पीक कर्ज थकले की पुढच्या हंगामाला सोसायटीचे दारही बंद होते. म्हणून घर बांधायचे मनात आले की दोन-तीन वर्षे आधीपासून कागदाच्या तयारीला लागा.

उत्पन्नाचा कागद

स्वतःचा धंदा करणाऱ्याकडे बँक साधारण दोन ते तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागते. आपल्याकडे रिटर्न म्हटले की लोक घाबरतात, "उगीच कर मागे लागायचा." पण रिटर्न भरले म्हणजे कर भरावाच लागतो असे नाही. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या कर पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे सर्वसाधारणपणे कर लागत नाही. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, तरी ते रिटर्नमध्ये दाखवावे. शेतीचे उत्पन्न मोठे असेल तर मात्र कर सल्लागाराला विचारून घ्या.

छोट्या धंद्याला जमाखर्चाच्या चोपड्या ठेवण्याचीही सक्ती नाही. अंदाजित नफ्याच्या पद्धतीत रोख उलाढालीच्या किमान ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या उलाढालीच्या किमान ६ टक्के नफा दाखवता येतो. इथे एक मेख आहे. खरा नफा जास्त असेल तर तोच दाखवायचा असतो. किमान आकडा लिहून मोकळे झालात, तर बँकही तेवढीच कमाई धरते.

तीन वर्षांची रिटर्ने एकाच महिन्यात भरलेली दिसली की साहेबांना शंका येते. दरवर्षी वेळेवर भरलेल्या रिटर्नला वजन असते. त्याच्या जोडीला डेअरीचे बिल, कारखान्याचे ऊसबिल, अडत्याची हिशेबपट्टी जपून ठेवा आणि आलेला पैसा एकाच खात्यावर जमा होऊ द्या. उद्यम नोंदणी फुकट होते, तीही करून घ्या.

रिटर्न नसताना काही गृहवित्त कंपन्या दुकान, गोठा, गिऱ्हाईक पाहून अंदाजाने कर्ज देतात. पण त्यांचा व्याजदर बहुधा चढा असतो. सही करण्याआधी दर साल दर शेकडा किती, हे लेखी घ्या.

आकडा कसा बसतो

समजा, तुमची वार्षिक उलाढाल २० लाख रुपये, सगळी रोखीची. खरा नफा ३ लाख, पण रिटर्नमध्ये दाखवला ८ टक्क्यांप्रमाणे १ लाख ६० हजार. म्हणजे महिन्याला सुमारे १३,३०० रुपये. हप्ता निम्म्या उत्पन्नाच्या आत बसावा असा हिशेब धरला, तर ६,६०० च्या आसपास हप्ता झेपेल. ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी एवढ्या हप्त्यात सुमारे ७ लाख ३५ हजारांचे कर्ज बसते. तुम्हाला हवे १० लाख. त्याचा हप्ता सुमारे ९,००० रुपये. त्यासाठी कागदावर महिना १८,००० दिसायला हवेत. खरे ३ लाख दाखवले असते, तर महिन्याला २५,००० दिसून काम भागले असते.

ट्रॅक्टरचा किंवा मोटारसायकलचा हप्ता चालू असेल, तर तोही यातून वजा होतो. बायकोचे शिवणकाम असो की मुलाची नोकरी, तिचे किंवा त्याचे उत्पन्न कागदावर असेल तर त्यांना सहकर्जदार करा; एकूण उत्पन्नाचा आकडा वाढतो.

तेच १० लाख १५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १०,१५० होतो. पण एकूण परतफेड २१ लाख ६० हजारांवरून १८ लाख २६ हजारांवर येते. झेपत असेल तर मुदत कमी ठेवा.

जागेचा कागद

उत्पन्न दाखवले तरी जागेवर गाडी अडते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा म्हणजे घरपट्टी आकारणीची नोंद. तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. नुसत्या त्या उताऱ्यावर बँक नाही म्हणते, ती यामुळे.

गावठाणातल्या घरांसाठी २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोनने मोजणी होऊन घराचे मालमत्ता पत्रक मिळते. आपल्याकडे त्याआधीच पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्यातील सोनोरीत अशा मोजणीचा प्रयोग झाला होता. गावची मोजणी झाली असेल, तर तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात जाऊन पत्रकावर नाव, क्षेत्र बरोबर आहे का ते पाहा. चूक असेल तर कर्जाचा अर्ज करण्यापूर्वी दुरुस्त करून घ्या.

घर आजोबांच्या नावावर, आणि आपण त्यात तीन भाऊ, दोन बहिणी. आधी वारस नोंद लागते. २००५ च्या कायदा दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हिस्सा मुलांच्या बरोबरीचा आहे. बहीण राजीखुशीने हिस्सा सोडत असेल, तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे. "तोंडी ठरलंय" हे बँकेच्या वकिलाला चालत नाही.

मळ्यात, शेतजमिनीवर घर बांधणाऱ्यांनी विशेष जपावे. थकबाकीत तारण ताब्यात घेण्याचा बँकांचा २००२ चा सरफेसी कायदा शेतजमिनीच्या तारणाला लागू नाही. त्यामुळे सातबाऱ्यावरच्या शेतजमिनीच्या तारणावर घरकर्ज द्यायला बँका कचरतात. बिनशेतीचे नियम अलीकडे बरेच बदलले आहेत. आपल्या गटाला काय लागू आहे ते तहसील कार्यालयात लेखी विचारा आणि मगच पाया खणा.

जामीनकी महागात पडते

सिबिलचा गुणांक ३०० ते ९०० असतो. आपण कर्ज घेतले नाही म्हणून निर्धास्त राहू नका. भावकीत कुणाला जामीन राहिला असाल आणि त्याने हप्ते थकवले, तर ते तुमच्याही अहवालात उतरते. तडजोड करून मिटवलेल्या कर्जाचाही शेरा राहतो. वर्षातून एकदा हा संपूर्ण अहवाल फुकट मिळतो. अर्जाच्या सहा महिने आधी तो काढा. चूक असेल तर लेखी तक्रार करून दुरुस्त करून घ्या.

गावच्या कारभाऱ्यांनो

ग्रामसेवक भाऊसाहेब आणि तलाठी भाऊसाहेब, २०२४ मध्ये तुमची पदनामे बदलायचे ठरले, लोकांचे हेलपाटे मात्र तेच आहेत. वारस नोंदी, घरपट्टीची पावती, बांधकाम परवानगी ही कामे वेळेत झाली, तर एका कुटुंबाचे वर्ष वाचते. सरपंचांनी एका ग्रामसभेत मालमत्ता पत्रकांची यादी वाचून दाखवावी. ज्यांची नावे चुकली, त्यांना तिथेच कळेल.

मंजुरीनंतर

घराची किंमत कितीही धरली, तरी ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक जास्तीत जास्त ९० टक्के देते. बाकीचे पदरचे लागतात. रक्कमही एकदम हातात येत नाही. जोते, भिंती, स्लॅब असे काम दिसेल तसे हप्ते सुटतात. बदलत्या व्याजदराचे वैयक्तिक घरकर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड लावता येत नाही. ऊसबिल आले की त्यातला काही भाग मुद्दलात भरा. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत द्यावेत, बँकेमुळे उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. हे माहीत असू द्या आणि कागद परत घेताना यादीप्रमाणे मोजून घ्या.