टर्बो पास्कल : पन्नास डॉलरचा माल, बदलते मालक

हिशेबाचा किंवा बिलाचा प्रोग्राम ज्या भाषेत लिहितात, ती संगणकाला थेट कळत नाही. तिचा तर्जुमा यंत्राच्या आकड्यांत करणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात. हा कंपायलरही विकण्याचा मालच आहे, आणि तो विकणाऱ्या पेढ्याही चढतात, बुडतात. पास्कल भाषेची हकीकत व्यापारी बंधूंनी जरूर वाचावी.

झुरिकचे प्राध्यापक निकलाउस विर्थ यांनी ही भाषा १९७० साली जाहीर केली. पुढे लहान संगणक आले तेव्हा तिचे कंपायलर शेकडो डॉलरला विकले जात, आणि चालत हळू. डेन्मार्कच्या अँडर्स हेल्सबर्ग या तरुणाने एक चपळ कंपायलर रचला. अमेरिकेतील बोरलँड कंपनीने नोव्हेंबर १९८३ मध्ये तो 'टर्बो पास्कल' नावाने अवघ्या ४९ डॉलर ९५ सेंटला बाजारात आणला. आपल्या कॉलेजांत वर्षानुवर्षे शिकवलेले निळ्या पडद्याचे 'टर्बो सी' याच कंपनीचे.

सुरुवातीला जाहिरातीला पैसे नव्हते. कंपनीचे संस्थापक फिलिप कान यांनीच पुढे सांगितले, की 'बाइट' मासिकाचा माणूस येणार म्हणून त्यांनी कचेरीत जादा माणसे बसवून धंदा जोरात असल्याचा देखावा केला आणि उधारीवर जाहिरात मिळवली. माल खरा होता म्हणून निभावले. शक्कल मात्र आम्हाला पटत नाही. पटते ती किंमत. थोडा नफा, मोठा खप, हे गणित कोणत्याही बाजारपेठेतल्या दुकानदाराला कळेल.

मग हाव सुटली. १९९१ साली बोरलँडने सुमारे ४४ कोटी डॉलरचे शेअर देऊन 'डीबेस'वाली ॲश्टन-टेट कंपनी घेतली. स्वतःचे 'पॅरॅडॉक्स' घरात असताना त्याच जातीचा दुसरा माल विकत घेतला! ते ओझे पेलले नाही. १९९५ साली पास्कलवरच उभारलेल्या 'डेल्फी'ने थोडी उभारी दिली. पण १९९६ साली हेल्सबर्गच मायक्रोसॉफ्टकडे गेले. माणसे पळवल्याबद्दल बोरलँडने १९९७ साली दावा लावला, तडजोडही झाली, पण गेलेला कारागीर परत आला नाही. मायक्रोसॉफ्टसाठी त्यांनी पुढे 'सी शार्प' ही भाषा घडवली.

१९९८ साली कंपनीने नाव बदलून 'इनप्राइज' केले. जमलेले नाव पुसून नवी पाटी लावण्याची ही बुद्धी कोणाची, अल्लाह जाणे. काही वर्षांत जुने नाव परत घ्यावे लागले. २००८ साली कंपायलरचा विभाग 'एम्बार्काडेरो'ला अडीच कोटी डॉलरहून कमीत गेला, आणि २००९ साली उरलेली बोरलँड ब्रिटनच्या 'मायक्रो फोकस'ने घेतली. २०१५ पासून एम्बार्काडेरोही 'आयडेरा' या कंपनीकडे आहे.

डेल्फी आजही विकली जाते. शिवाय 'फ्री पास्कल' हा फुकटचा कंपायलर आहे. आपल्या दुकानाचा जुना प्रोग्राम डेल्फीत असेल, तर करून देणाऱ्याकडून त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, आजच मागून घ्यावे. ते हाती नसेल तर नवा कंपायलर विकत घेऊनही काही उपयोग होत नाही.