सदाहरित किनारीच्या झुडपांची निवड

उद्यानातील वाफ्यांना आणि वाटांना वर्षभर हिरवी राहणारी ठेंगणी किनार असावी, ही कल्पना फार जुनी आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वी धाकटा प्लिनी या रोमन लेखकाने आपल्या उद्यानातील कातरलेल्या बॉक्स झुडपांचे वर्णन एका पत्रात केले होते. पुढे सतराव्या शतकात फ्रान्समधील राजोद्यानांत याच झुडपाने वाफ्यांच्या नक्षीदार रेषा रेखाटल्या गेल्या.

बॉक्सचे शास्त्रीय नाव बक्सस सेम्परव्हिरेन्स असे आहे. यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘सदैव हिरवे’ असा होतो. किनारीच्या झुडपाला आवश्यक असलेले बहुतेक सर्व गुण त्याच्या ठिकाणी एकवटलेले आहेत. त्याची पाने लहान असून ती परस्परांच्या अगदी जवळ येतात, त्यामुळे कातरलेली बाजू भिंतीसारखी सपाट दिसते. त्याची वाढ मंद असल्यामुळे छाटणी वारंवार करावी लागत नाही. शिवाय, जुन्या लाकडावरील सुप्त कळ्याही फुटत असल्याने चुकून खोलवर कापलेले झुडूप पुन्हा पालवते. लॅव्हेंडरच्या अंगी हा शेवटचा गुण नाही. त्याचे जून लाकूड कापल्यास तेथे सहसा नवा फुटवा येत नाही.

परंतु हेच गुण पुढे बॉक्सच्या मुळावर आले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंग्लंडमध्ये या झुडपावर एका बुरशीचा रोग आढळून आला. या बुरशीला पाने काही तास ओली राहणे पुरेसे होते. कातरून दाट झालेल्या पर्णभारात हवा खेळत नाही व ओल टिकून राहते. बुरशीचे चिकट बीजाणू पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर आणि कात्रीच्या पात्याबरोबर शेजारच्या झुडपावर जातात. त्यातच ठेंगण्या किनारीसाठी लावलेली झुडपे एकाच वाणाच्या छाटांपासून वाढविलेली, म्हणजे आनुवंशिक दृष्ट्या एकसारखी होती. जे एकाला बाधले, ते सर्वांना बाधले.

दुसरे संकट पूर्व आशियातून आले. तेथील एका पतंगाच्या अळ्या बॉक्सची पाने खातात. हा पतंग २००७ मध्ये जर्मनीत आढळला. पुढे २०१४ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी रशियातील सोची येथे आणलेल्या रोपांबरोबर तो कॉकेशसमध्ये शिरला आणि तेथील बॉक्सची प्राचीन नैसर्गिक वने त्याने उजाड केली. उद्यानाच्या शोभेसाठी केलेल्या रोपांच्या वाहतुकीची किंमत अशा रीतीने अरण्याला द्यावी लागली.

आता बॉक्सच्या जागी अन्य वनस्पती लावल्या जातात. जपानी होलीची पाने बॉक्ससारखीच दिसतात. मात्र तिला किंचित आम्ल व निचऱ्याची जमीन लागते. यू हा वृक्ष असला तरी नियमित कातरून ठेंगणा ठेवता येतो. पण त्याची पाने व बिया विषारी आहेत. सर्व ठिकाणी चालेल असा एकच पर्याय मात्र नाही.

बॉक्सचा एक आप्त पश्चिम हिमालयात वाढतो. भारताच्या मैदानी प्रदेशात किनारीसाठी कोयनेल आणि पिवळसर पानांचा दुरांटा अधिक परिचित आहेत. कोयनेल समुद्रकाठची खारी हवा सहन करते. दुरांटा जोमाने वाढतो. तो मोकळा सोडल्यास पुरुषभर उंच होतो, म्हणून त्याला वरचेवर कातरावे लागते. सावलीत ओफिओपोगॉन हे गवतासारखे, छाटणी न लागणारे रोप योग्य ठरते. पिवळा दुरांटाही छाटांपासूनच वाढविला जात असल्यामुळे बॉक्सच्या अनुभवातून घ्यावयाची सावधगिरी त्यालाही लागू पडते.

म्हणून निवड करताना प्रथम जागेचे ऊन, निचरा व ओल पाहावी. त्यानंतर झुडपाची नैसर्गिक उंची आणि छाटणीनंतर फुटण्याची शक्ती विचारात घ्यावी. नवी रोपे काही आठवडे वेगळी ठेवून मगच लावावीत. पाणी पानांवर न शिंपडता बुंध्याशी द्यावे. छाटणी कोरड्या दिवशी, स्वच्छ केलेल्या कात्रीने करावी. संपूर्ण उद्यानाची किनार एकाच वाणाची न करता निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या जाती लावाव्यात. रेषेची एकरूपता त्यामुळे थोडी उणावेल. परंतु एका रोगाने सारी किनार नाहीशी होण्याचा धोकाही तितकाच कमी होईल.