गिअर उतरवलेली सायकल

कवठे महांकाळ तालुक्याचा माळ सायकलीला मानवणारा आहे. मिरजेहून पंढरपूरच्या वाटेला लागलं की दंडोबाचा डोंगर बाजूला राहतो आणि पुढे कुची, नागजपर्यंत रस्ता चढतो-उतरतो, पण दम काढील असा घाट वाटेत लागत नाही. कोरडी हवा, लांबच लांब उतार, त्यामागून येणारा सोसवेल असा चढ. अशा मुलखात सायकलीला एकवीस गिअर हवेतच असं नाही. तरी गेल्या काही वर्षांत घरोघरी आल्या त्या गिअरच्याच सायकली. पोरगं आठवीत गेलं, पोरीला शाळा लांब पडू लागली, की दुकानातली जाड टायरची, रंगीत गिअरवाली सायकल घरी येते. दोन पावसाळे जातात आणि ती कडब्याच्या गंजीशेजारी टेकून उभी राहते.

ती का थांबली ते पाहिलं तर बहुतेक वेळा दुखणं एकच निघतं. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारी जी यंत्रणा मागच्या चाकाशी लोंबते, तिला डिरेलर म्हणतात. स्वस्त सायकलीत ती पातळ पत्र्याची असते आणि नेमकी उजव्या बाजूला सगळ्यांत बाहेर. सायकल उजवीकडे पडली, जीपच्या टपावर घालताना कुणी दाबली, की तिला धरणारा तुकडा वाकतो. मग चेन दात्यावर बसत नाही, कडकड वाजते, एखाद्या दिवशी तिथून सुटून थेट तारांत अडकते. काळ्या रानातला चिखल आणि उन्हाळ्यातली धूळ डिरेलरच्या दोन छोट्या चाकांत जाऊन बसते ते वेगळंच. वायर गंजते, हँडलवरचा खटका जाम होतो. दुरुस्तीला नेमका तोच भाग मिळत नाही, मिळाला तर नीट बसवणारा मिळत नाही. चौकट शाबूत, चाकं शाबूत, बेअरिंग शाबूत, आणि सायकल मात्र अडगळीत.

ही सायकल वाचवता येते. गिअर काढून टाकायचे आणि मागे एकच चक्र ठेवायचं. त्यासाठी लागणारे सुटे भाग कुठल्याही बाजारगावी मिळतात, कारण ते आपल्या जुन्या काळ्या सायकलीचेच असतात.

काळ्या सायकलीचं गणित आधी पाहावं. पुढच्या चक्राला साधारण 44 दाते, मागच्या फ्रीव्हीलला, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरू देणाऱ्या चक्राला, 18. पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. चाक 28 इंची, म्हणजे सायकल एका फेऱ्यात साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. दुधाचे कॅन, खताची गोणी, डबलसीट बसलेला माणूस, हे सगळं या एका गिअरवर वर्षानुवर्षं वाहिलं गेलं. आपल्या या जाड टायरच्या, रेंजर धाटणीच्या सायकलीचं चाक 26 इंची असतं. तिच्या पुढच्या तीन चक्रांपैकी मधलं बहुधा 38 किंवा 34 दात्यांचं. 38 असेल तर मागे 18 दात्यांचं फ्रीव्हील घालावं, 34 असेल तर 16 चं. दोन्हींत एका फेऱ्याला सव्वाचार मीटरच्या थोडं वर अंतर पडतं. मिनिटाला 75 फेरे मारले तर ताशी 19 किलोमीटरच्या पुढे. काळ्या सायकलीपेक्षा हे हलकं आहे, पण शाळेचं दप्तर पाठीवर घेऊन वाऱ्याविरुद्ध जाणाऱ्या मुलीला हलकंच हवं.

प्रत्यक्ष कामात कष्ट आहेत ते जुनं फ्रीव्हील काढण्यात. सहा किंवा सात चक्रांचा तो गड्डा आट्यांवर बसवलेला असतो आणि प्रत्येक पायडलसरशी आणखी घट्ट होत जातो. त्याच्या खाचेत बसणारा खास पाना शिकंज्यात धरून अख्खं चाक डावीकडे फिरवायचं. छिन्नी-हातोड्याने मारून काढायचा मोह टाळावा, कारण हबच्या आट्या गेल्या की चाकच गेलं. समाधानाची गोष्ट अशी की आपल्याकडच्या स्वस्त गिअरच्या सायकलींत या आट्या आणि काळ्या सायकलीच्या एकेरी फ्रीव्हीलच्या आट्या सहसा जुळतात. थोडं ग्रीस लावून हाताने फिरवलं की नवं फ्रीव्हील बसतं. गड्डा आट्यांचा नसून खाचांवर सरकवलेला असेल, जसा महागड्या सायकलींत असतो, तर मात्र हा मार्ग नाही. तिथे एक चक्र ठेवून दोन्ही बाजूंना नळीचे तुकडे घालावे लागतात.

यानंतरची गोष्ट बरेच जण सोडून देतात आणि मग चेन पडते म्हणून गिअर काढण्यालाच दोष देतात. पुढचं चक्र आणि मागचं चक्र एका रेषेत हवं. एकेरी फ्रीव्हील चाकाच्या आतल्या अंगाला बसतं, त्यामुळे चेन तिरपी धावू लागते. यावर उपाय म्हणजे एक्सलवरच्या उजव्या बाजूच्या चकत्या काढून तेवढ्याच डावीकडे घालायच्या. हब उजवीकडे सरकतो आणि चेन सरळ होते. मात्र रिमही सरकते, म्हणून डाव्या बाजूच्या तारा ओढून चाक पुन्हा मधोमध आणावं लागतं. आऊट काढणारा जाणता कारागीर हे सहज करतो. याचा आणखी एक फायदा होतो. गिअरच्या चाकात उजव्या तारा फार ताणलेल्या आणि डाव्या सैल असतात. आता दोन्हींचा ताण जवळजवळ सारखा होतो आणि चाक मुळात होतं त्याहून मजबूत बनतं.

पुढची तीन चक्रं स्वस्त क्रँकवर रिव्हेट मारून जोडलेली असतात, ती सुटत नाहीत. सोडवायचीही गरज नाही. मधल्यावर चेन चालवावी, बाहेरचं मोठं चक्र तिला धरून ठेवतं. चेन मात्र नवी घ्यायची. गिअरची चेन आतून अरुंद, 3/32 इंच, आणि काळ्या सायकलीच्या फ्रीव्हीलचा दाता 1/8 इंचाच्या मापाचा जाड, त्यामुळे जुनी चेन त्यावर बसतच नाही. काळ्या सायकलीची रुंद चेन दोन्हींवर चालते.

चाक बसतं ती मागची खाच आडवी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. खाच उभी असेल तर चाक सरकणार नाही. तिथे ताण देणारं छोटं चाक लागतं, आणि जुना डिरेलर फारसा वाकलेला नसेल तर त्यालाच एका जागी आवळून हे काम करून घेता येतं.

इथवर मागे फ्रीव्हील आहे असं धरलं. तरुण मुलांना हल्ली वेगळं आकर्षण असतं: फिक्स्ड गिअर. मागचं चक्र चाकाशी घट्ट, चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, उतारावर पाय थांबवायचे नाहीत. हा प्रकार नवा नाही, सायकलीचं ते मूळ रूप आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं तेव्हा फ्रीव्हील प्रचारातच आलेलं नव्हतं. ते रुळलं विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. सायकली विकणाऱ्या या माणसाने पुढे लोखंडी नांगर बनवले आणि 1910 साली आपल्याच जिल्ह्यात, कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी उभारली. तिकडे फ्रान्समध्ये टूर द फ्रान्सच्या शर्यतीत 1937 पर्यंत डिरेलरला परवानगीच नव्हती. चाकाच्या दोन बाजूंना दोन मापांची चक्रं असत आणि चढ आला की शर्यतवीर खाली उतरून चाक उलटं करून बसवत. वेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या बंदिस्त धावपट्टीवर, आजही फिक्स्ड गिअरच्या, बिनब्रेकच्या सायकली धावतात, पुण्याच्या बालेवाडीतही. तिथे सगळे एकाच दिशेने जातात आणि समोरून उसाची ट्रॉली येत नाही.

रस्त्यावर हा प्रयोग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फिक्स्ड गिअरच्या खऱ्या हबला उलट्या आट्यांची दुसरी पायरी असते आणि तिच्यावर आवळलेली रिंग चक्राला सुटू देत नाही. साध्या हबला ती पायरी नसते. त्यावरचं फ्रीव्हील वेल्डिंग मारून जाम केलं, की पुढे पायडल मारताना सगळं ठीक वाटतं. उतारावर वेग रोखायला पाय मागे दाबले की तेच चक्र आट्यांवरून सुटू लागतं, आणि ब्रेक म्हणून ज्याच्यावर भरवसा ठेवला तेच हातचं जातं. त्यात ओढणी किंवा पायजमा चेनमध्ये सापडला तर पाय थांबवून सोडवण्याची सोय नाही. एखाद्याला शिकायचंच असेल तर त्याने खरा हब घ्यावा, पुढचा ब्रेक कायम ठेवावा आणि मोकळ्या मैदानावर शिकावं.

एकेरी फ्रीव्हीलच्या सायकलीला सुरुवातीचे काही दिवस लक्ष द्यावं लागतं. नवं फ्रीव्हील पायडलच्या जोराने आट्यांवर आणखी आत बसतं, ताज्या ओढलेल्या तारा थोड्या सैलावतात, चाक खाचेत पुढे सरकतं. आठवड्याने एक्सलचे नट पुन्हा आवळावेत आणि चेन मध्यभागी बोटाने दाबून पाहावी: सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर हलली तर बरोबर. क्रँक पूर्ण फिरवत हे तपासावं, कारण पुढचं चक्र क्वचितच नेमकं गोल असतं, आणि चेन सर्वांत ताठ होते त्या जागीही ती थोडी हललीच पाहिजे.