गोल करणारा एक, वाट करणारे पाच



गेल्या स्नेहसंमेलनात आपण शाळेच्या फुटबॉल संघाला बक्षिसे दिली. सर्वांत जास्त गोल करणाऱ्या मुलाला ढाल मिळाली, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. त्यानंतर पंधरा दिवसांतच आठवीतला एक मुलगा सरावाला येईनासा झाला. बोलावून विचारले तर म्हणाला, "सर, मी नुसता पळतो. माझ्याकडे बॉल येतच नाही." क्रीडाशिक्षकांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "सर, तो पळतो म्हणून तर दुसऱ्याला गोल करता येतो. समोरचे दोन बॅक त्याच्या मागे जातात." ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, आणि बक्षिसांची यादी तर मीच केली होती.

दिवाळीच्या सुट्टीत मेलबर्नला राहणारा आपला एक माजी विद्यार्थी भेटायला आला. त्याला हे सांगितले, तर त्याने माझ्या टेबलावर सहा खडू मांडले आणि तिथल्या फुटबॉलमधली 'फॉरवर्ड लाइन' मला समजावून दिली. नंतर मी स्वतःही त्यावर वाचले. विषय आपल्या मुलांच्या कामाचा वाटला म्हणून हा लेख. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. भाषेत कुठे हिंदी डोकावली तर सांभाळून घ्यावे.

खेळ थोडक्यात

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा जन्मच क्रिकेटमुळे झाला. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने जुलै १८५८ मध्ये एका वर्तमानपत्राला पत्र लिहून सुचवले की, हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे शरीर सुस्त होऊ नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. मे १८५९ मध्ये मेलबर्न क्लबने नियम लिहून काढले. त्यामुळे हा खेळ आजही क्रिकेटच्या लंबगोल मैदानांवर होतो. डिसेंबर २०२० मध्ये अजिंक्य रहाणेने ११२ धावा काढल्या ते मेलबर्नचे मैदानच या खेळाचेही सर्वांत मोठे घर आहे.

प्रत्येक संघाचे अठरा खेळाडू मैदानात असतात. चेंडू लंबगोल. तो पायाने मारता येतो, किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसा मारून साथीदाराला देता येतो. फेकायला मनाई आहे. चेंडू घेऊन पळताना साधारण दर १५ मीटरला तो जमिनीवर टप्पा मारून घ्यावा लागतो. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन उंच खांबांमधून चेंडू पायाने मारून सरळ गेला तर 'गोल', सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर 'बिहाइंड', एकच गुण.

दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा. पहिली, इथे ऑफसाइड नाही. खेळाडू हवा तिथे उभा राहू शकतो. दुसरी, दुसऱ्या खेळाडूने पायाने मारलेला चेंडू किमान १५ मीटर येऊन कुणी अधांतरी झेलला तर त्याला 'मार्क' म्हणतात. मार्क घेणाऱ्याला निवांतपणे, अडथळ्याशिवाय चेंडू मारता येतो. म्हणून गोलाजवळ मार्क मिळवणे हे फॉरवर्डचे पहिले काम.

सहा जणांची मांडणी

फॉरवर्ड सहा असतात. गोलाच्या अगदी समोर 'फुल फॉरवर्ड', त्याच्या दोन बाजूंना 'पॉकेट'मधले दोघे. त्यांच्या पुढे, मैदानाच्या मध्याकडे 'सेंटर हाफ फॉरवर्ड' आणि त्याच्या दोन बाजूंना आणखी दोघे. प्रत्येकाला चिकटून समोरच्या संघाचा एक बचावपटू उभा असतो. सगळा डाव हा की, या चिकटलेल्या माणसापासून दोन पावले मोकळी कशी मिळवायची.

उंच फॉरवर्ड हे दोन पावलांचे अंतर 'लीड' घेऊन मिळवतो. मधला साथीदार चेंडू मारण्यासाठी डोके वर करतो, त्याच क्षणी फॉरवर्ड गोलाकडे पाठ करून त्याच्या दिशेने, जरा तिरपा, जोरात धावतो. बचावपटू मागे राहतो आणि चेंडू धावणाऱ्याच्या पुढ्यात येतो. धाव लवकर घेतली तर चेंडू येईपर्यंत जागा भरून जाते. उशीर झाला तर चेंडू बचावपटूच्या हाती लागतो. हुशार फॉरवर्ड आधी दोन पावले गोलाकडे टाकतो, बचावपटूला तिकडे ओढतो आणि मग वळतो.

पेगनचे कुरण

पण सहाही जण एकदम चेंडूकडे धावले तर? सहा फॉरवर्ड आणि सहा बचावपटू अशी बारा माणसे एका जागी गोळा होतात आणि कुणालाच मार्क मिळत नाही. आपल्या शाळेच्या मैदानावर हे दृश्य रोज दिसते!

१९९० च्या दशकात नॉर्थ मेलबर्न संघाचे प्रशिक्षक डेनिस पेगन यांनी यावर नामी उपाय काढला. त्यांचा कर्णधार वेन केरी हा ताकदवान सेंटर हाफ फॉरवर्ड होता. पेगन यांनी बाकीच्या फॉरवर्डना गोलापासून दूर, मैदानाच्या मध्याकडे जायला सांगितले. त्यांचे बचावपटूही ओढले गेले. गोलासमोर मोठे मोकळे रान उरले आणि त्यात केरी व त्याचा एकटा पहारेकरी. बचावपटूंनी मागे यायचे नाही असे ठरवले असते, तर पुढे गेलेले फॉरवर्ड मोकळे सुटले असते. म्हणजे दोन्हीकडून अडचण. या मोकळ्या रानाला लोकांनी नावच दिले, 'पेगनचे कुरण'. नॉर्थ मेलबर्नने १९९६ आणि १९९९ मध्ये अजिंक्यपद मिळवले. गोल केरीच्या नावावर लागले. कुरण मोकळे केले ते इतरांनी.

पडलेला चेंडू वेचणारे

प्रत्येक चेंडू झेलला जात नाही. दोन-तीन उंच माणसे एकदम उडी मारतात, मागचा बचावपटू मुठीने ठोसा देतो आणि चेंडू बहुतेक वेळा घोळक्याच्या पुढे खाली पडतो. म्हणून लहान चणीचा फॉरवर्ड उडी मारण्याच्या भानगडीत पडत नाही. तो घोळक्याच्या समोर, थोडे अंतर ठेवून थांबतो आणि पडलेला चेंडू पळता पळता उचलतो. एडी बेट्स हा या कामातला नावाजलेला खेळाडू. बुटका, पण कारकिर्दीत ६४० गोल. उंची कमी म्हणून मागे राहणाऱ्या आमच्या मुलांनी हे नाव लिहून ठेवावे.

गोल की बिहाइंड?

आता थोडे गणित. १९७० चा अंतिम सामना कार्लटन आणि कॉलिंगवूड यांच्यात झाला. तो पाहायला १,२१,६९६ प्रेक्षक आले होते. मध्यंतराला कॉलिंगवूड ४४ गुणांनी पुढे होता. शेवटी कॉलिंगवूडचे १४ गोल आणि १७ बिहाइंड, तर कार्लटनचे १७ गोल आणि ९ बिहाइंड. गुण काढून पाहा: १०१ आणि १११. कॉलिंगवूडने ३१ वेळा गुण नोंदवले, कार्लटनने २६ वेळा. तरी कार्लटन जिंकला. कोपऱ्यातून मारताना खांबांमधली फट अरुंद दिसते, समोरून ती रुंद दिसते. म्हणून चांगला फॉरवर्ड कोपऱ्यात चेंडू मिळाला तर आधी पाहतो, समोर कुणी साथीदार मोकळा आहे का. सहा गुणांसाठी स्वतःचा मौका सोडून देणे हीसुद्धा चाल आहे.

बचावाचे उत्तर, आणि त्यावर उत्तर

बचाव करणारेही स्वस्थ बसले नाहीत. २००० साली एसेंडन संघ हरतच नव्हता. वेस्टर्न बुलडॉग्जचे प्रशिक्षक टेरी वॉलेस यांनी आपले बरेचसे खेळाडू मागे आणून एसेंडनच्या फॉरवर्डची जागाच भरून टाकली. त्या वर्षातला एसेंडनचा तो एकमेव पराभव. असे डाव वाढत गेले तसे एकट्या फुल फॉरवर्डचे दिवस मावळले. एका हंगामात शंभर गोल करण्याचा पराक्रम २००८ मध्ये लान्स फ्रँकलिनने केला. त्यानंतर तो कुणाला जमलेला नाही. २०१९ पासून नियम आला की, मध्यातून खेळ सुरू होताना दोन्ही संघांचे सहा पुढे, सहा मध्ये आणि सहा मागे असलेच पाहिजेत.

यावर रिचमंड संघाने २०१७ मध्ये वेगळेच उत्तर दिले. त्यांच्याकडे उंच फॉरवर्ड मुख्यतः एकच होता, जॅक रीवोल्ट. बाकीचे लहान आणि चपळ. चेंडू बचावपटूच्या हाती गेला की हे सगळे त्याच्यावर तुटून पडत, त्याला नीट मारू देत नसत आणि चेंडू गोलाजवळच अडकवून ठेवत. अंतिम सामन्यात त्यांनी ॲडलेडला ४८ गुणांनी हरवले. १९८० नंतरचे त्यांचे ते पहिले अजिंक्यपद. फॉरवर्ड म्हणजे फक्त गोल मारणारा नव्हे, तर पहिला बचावपटूही तोच, हे त्यातून सर्वांना कळले.

आपल्यासाठी

आपण हा खेळ शाळेत सुरू करणार नाही; तेवढे मैदानही आपल्याकडे नाही. आपल्या फुटबॉलमध्ये ऑफसाइडही आहे, म्हणून चाली जशाच्या तशा उचलता येणार नाहीत. पण जागा मोकळी करणे, धावेची वेळ साधणे, चेंडू गेल्यावर लगेच अडवायला धावणे, हे कुठल्याही मैदानावर शिकता येते. क्रीडाशिक्षकांनी शनिवारच्या सरावात त्याची सुरुवात केली आहे.

पालकांना विनंती की, मुलगा किंवा मुलगी घरी आल्यावर "किती गोल केलेस?" एवढेच विचारू नका. "आज कुणासाठी जागा केलीस?" हेही विचारा.

विश्वस्त मंडळापुढे माझा एक प्रस्ताव आहे. ऑस्ट्रेलियात गोलांबरोबर, गोलासाठी चेंडू कुणी दिला आणि पुढच्या भागात समोरच्याला कुणी अडवले, याचीही मोजणी ठेवतात. आपणही एक वही ठेवावी आणि येत्या स्नेहसंमेलनापासून वाट करून देणाऱ्या खेळाडूला तेवढ्याच मानाची दुसरी ढाल द्यावी. खर्च थोडा आहे.

आठवीतल्या त्या मुलाला मी टेबलावरचे सहा खडू दाखवले. त्याने बराच वेळ पाहिले, एक खडू बाजूला सरकवला आणि म्हणाला, "सर, हा मी." सोमवारपासून तो सरावाला येतो आहे. गेल्या वर्षीच्या यादीतली चूक माझी होती. ती यंदा सुधारावी, एवढीच इच्छा.

आपला,
प्राचार्य